चार बोटांचं सारवन

"तूस! चार पोती तूस माझ्या अंगनात कुनी उतरवलं, म्हन्ते म्या!"

आशी म्या वरडले, तशी टेम्पोवाल्यानं पोती तितंच टाकली आन गाडी वळवून पळालाच. साळूबाई, तू मगाधरनं आमच्या पडवीच्या कुडाकडं बघून हसतीयास. अर्धा कूड कसा झ्याक सारवलाय, आन अर्धा गाईनं चाटल्यावानी दिसतोय. हसू नगंस. लेकीकडं भोरला म्हनून जेष्ठात ग्येलीस, ती आता पुसात उगवलीस. मधी हितं काय काय झालं ते तुला काय ठावं? बस. च्या ठिवलाय चुलीवर. पयल्यापासनं सांगते, पर मधी त्वांड घालू नगंस.

माझी सून तुला ठावं हाय. सुप्रिया. सारोळ्याची. हायवेच्या कडंला जल्मल्याली, नीरेच्या पुलावरनं जानाऱ्या गाड्या बघत वाढलेली. तिच्या बापाचं कोंबड्यांचं शेड हाय तितं, म्हनून हिला कोंबडीतलं समदं कळतं. बारावी झालीया, म्हनून उरलेलं बी समदं कळतं. दोन वरसं झाली लग्नाला, दोन वरसांत एक दिस आसा ग्येला न्हाई की आमचं वाजलं न्हाई. मीठ कुठं ठिवायचं हितनं सुरवात, ती पार गोठ्यापत्तूर.

आन आमच्या सूरजला शिरवळच्या बाजूला एका कंपनीतनं बोलावनं आल्तं. जायाचंच म्हनत व्हता. तर हीच आडवी पडली. म्हनली, "एक पावसाळा मला द्या. गडावर येनारी मानसं पायथ्याला पालीत उतरत्यात, पयलं इचारत्यात गावरान कोंबडी हाय का, अंडी हायत का. साठ तलंगा आनू, कवळ्या कोंबड्या. दिवाळीपत्तूर जगल्या, अंड्यावर आल्या, तर हितंच ऱ्हाऊ. न्हाई जगल्या तर घराला कुलूप लावू आन शिरवळला जाऊ."

कुलूप म्हन्ती! घरात आमी दोन म्हातारी जिती असताना! आता तुझ्यापाशी खरं बोलते, दुसऱ्या कुनाला सांगू नगंस. मला ती दोघं हितं ऱ्हायाला पायजे व्हती. सात घरांची वाडी आपली, त्यातली चार बंद. सांच्याला दिवा लावला तर समोर दुसरा दिवा दिसत न्हाई. सूरज ग्येला तर म्या कुनाशी भांडू? माझा नवरा, तुझा हैबतीभाऊ, म्हंजी गुरांतलं मानूस, त्याच्याशी भांडायचं तरी कसं, त्यो बोलतच न्हाई. म्हनून मनातनं म्या म्हनायची, खंडोबा, ह्या कोंबड्या जगूं दे. आन तोंडातनं शिव्या यायच्या. त्वांड कुठं माझ्या ताब्यात हाय?

तर तूस आलं त्या दिशी शेड उभं झालं व्हतं. पाईप, जाळी, वर पत्रा. खाली काय घालायचं यावर सकाळपासनं चर्चा चालल्याली. सूरज म्हनला, "लाकडाचा भुसा आनू का? नसरापूरच्या वखारीत पडलाय ढिगानं."

सुप्री म्हनली, "नगं. लई बारीक आसतोय. कोंबड्या टोचून खात्यात आन धूळ नाकात जाती."

तुझा हैबतीभाऊ म्हनला, "पेंडा घाल की. आपलाच हाय."

"मामंजी, पेंड्याला आठ दिसांत बुरशी येती ह्या हवंत. आन तुमच्या गाई काय खातील मंग?"

गाईचं नाव काडलं आन त्यो गोठ्याकडं वळला. मंग ओढ्याची वाळू झाली, फरशी झाली, कोबा झाला. कोब्याला ही म्हनली, "गार पडतंय, पायाला फोड येत्यात." आन शेवटी हिनं तूसच आनलं. भाताच्या गिरनीतनं. म्हनली, "चार बोटं जाड तूस, दर दोन दिसांनी खालवर करायचं, वल झाली की चुना मारायचा. माझ्या दादांच्या शेडात बारा वरसं हेच चालतंय."

म्या म्हनलं, "तुझ्या दादांच्यात पाऊस पडतोय कितीक, पन्हाळीतनं ठिबकतंय तेवढाच की? हितं आषाढ लागला म्हंजी धा धा दिस गड दिसत न्हाई. हितं भुईतनं पानी वर येतं. तूस घालून काय करनार, त्याचं आंबील व्हईल."

"मंग तुमी सांगा काय घालायचं?"

"काय म्हंजी? सारवायचं! चांगलं शेनानं सारवायचं. घरात सारवतो, देव्हाऱ्याम्होरं सारवतो, बाळतिनीची खोली सारवतो. मानसाला चालतंय आन तुझ्या कोंबड्यांना चालत न्हाई व्हय?"

तर ती हसली. साळूबाई, तोंडाला पदर लावून हसली. म्हनली, "आत्याबाई, कोंबडी काय पाटावर बसून जेवती का? तिथंच हगायचं, तिथंच टोचायचं. शेनाला वल धरती. त्यात किडं व्हत्यात. कोंबड्यांना रक्ती हगवन लागंल."

म्या म्हनलं, "शेनात किडं? माझ्या शेनात किडं?"

सूरज मधी पडला. म्हनला, "आये, तिचं तिला करू दे. पावसाळा तिला दिलाय."

मला दिला न्हाई कधी कुनी पावसाळा. ह्या घरात म्या आले तवा माझ्या सासूनं मला एक टोपली दिल्ती, ती बी फुटकी. आसं म्या म्हनलं आन आत जाऊन बसले.

आता ह्या माझ्या उजव्या हाताचं तुला ठावंच हाय. मधलं बोट न्हाई. गवत कापताना इळा लागला तवा तूच बांदला व्हतास पाला. त्या चार बोटांनी म्या उभा जल्म सारवत आले. अंगठ्यापासनं करंगळीपत्तूर हात फिरीवला की मधी एक रेघ मोकळी ऱ्हाती. वाडीतली पोरंसोरं बी वळखायची, ह्यो सोजराबाईचा हात म्हनून. आन ह्यो पडवीचा कूड, जुना म्हन्ते म्या, कारवीच्या काठ्या उभ्या लावून वरनं लिपलेला, त्यो माझ्या सासऱ्यानं माझ्या लग्नाच्या साली घातला व्हता. दर दिवाळीला त्यो म्या सारवायची. त्याच्या आतल्या अंगाला माझं हातरून. बाहीरनं वारं किती बी येऊं दे, आत माझ्या कानाला लागायचं न्हाई.

बरं. तलंगा आल्या. साठच्या साठ तांबड्या, काळ्या, कवड्या, माना वर करून बघायच्या. छान व्हत्या, खोटं कशाला बोलू. म्या दानं टाकायची ती सुप्रीचं ध्यान नसंल तवा.

आन आषाढ लागला. आसा लागला की सांगायची सोय न्हाई. लावनीला ग्येलेली मानसं गुडघाभर चिखलात दिसभर, आन वर धुकं. शेजारच्या गोठ्यातली गाय हंबरली तर आवाज यायचा, गाय दिसायची न्हाई. आठव्या दिशी शेडाच्या भुईला उपळ फुटलं. खालनं पानी. तूस पयलं जड झालं, मंग काळं पडलं, मंग त्याला आसा वास सुटला की जाळीपाशी उभं ऱ्हायलं तर डोळ्यातनं पानी यायचं. सुप्री दिसातनं दोनदा खालवर करायची, चुना मारायची. चुना संपला. म्या पडवीत बसून बघायची, आन तिला ऐकू जाईल आसं म्हनायची, "बारा वरसं हेच चालतंय म्हनं. चालू द्या, चालू द्या."

ती मातूर नुसतं दात खाऊन फावडं मारायची.

एक दिस सकाळी ती आन सूरज भोरला निघाली. चुना आनायचा, जनावरांच्या दवाखान्यात औषध इचारायचं, येताना गिरनीतनं कोरडं तूस. निघताना मला म्हन्ती कशी, "आत्याबाई, दाना-पानी तेवढं बघा. खाली कशाला हात लावू नगा."

हात लावू नगा! माझ्या अंगनात मला म्हन्ती हात लावू नगा! एस्टी खाली पालीत वाजली आन हितं माझं डोस्कं वाजलं. म्या म्हनलं, थांब. सांच्याला येशील तवा दाखवते कोंबडी कशी ठिवायची.

समद्या तलंगा एका अंगाला कोंडल्या. फावड्यानं ती काळी घान ओढून उकिरड्यात टाकली. पाठ मोडली माझी. भुई खरवडली, कोरडी माती टाकली, धुम्मस घेऊन चोपली. मंग गोठ्यातनं ताजं श्यान आनलं, कालवलं, आन कोपऱ्यापासनं कोपऱ्यापत्तूर सारवून काडलं. वर पत्रा, त्यामुळं वरनं थेंब न्हाई. साळूबाई, आसं दिसत व्हतं की देव बसवावा. वास नाय, घान नाय. तलंगा सोडल्या, त्या बी आश्या पाय उचलून चालायला लागल्या. मला आसं बरं वाटलं म्हनून सांगू! म्हनलं, आता जगत्यात ह्या. आता कुठं जात्यात माझी पोरं शिरवळला. आन सुनंचं त्वांड बी बंद. दोन्ही एकदम.

सांच्याची शेवटची एस्टी आली. सूरज चुन्याची पोती घेऊन मागनं येत व्हता, सुप्री तुसाचं पोतं डोक्यावर घेऊन पुढं. ती सरळ शेडाकडं ग्येली. म्या पडवीत पदर खोचून तयार बसलेली. म्हनलं, आता भांड. ती जाळीपाशी उभी ऱ्हायली. खाली बघितलं. माझ्याकडं बघितलं. आन काय बोलली ठावं हाय? कायबी न्हाई! एक सबूद न्हाई! सूरज यायच्या आत पोतं फोडलं, कोरडं तूस समद्या सारवनावर पसरून टाकलं आन हात धुऊन भाकरीला बसली.

मला त्या रातच्याला भाकर ग्वाड लागली न्हाई. शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं. भांडायला बी लायक समजंना म्हंजी काय?

पाचव्या दिशी पयली तलंग पाय पसरून पडली. पंख खाली सोडल्यालं, डोळं मिटल्यालं. हगवनीत रगत. दुसऱ्या दिशी तीन. मंग पाच. सुप्री पान्यातनं औषध पाजायची, एकेकीची चोच उघडून. आठ दिसांत एकुनीस मेल्या. सूरज त्यांना उचलून वरच्या बांधाला खड्डा करून पुरायचा, आन दर खेपंला त्याचं त्वांड आनिक उतरायचं. म्या पडवीतनं बघायची आन मनातल्या मनात म्हनायची की तूस वरनं घातलं म्हनून मेल्या, सारवनाचं काय न्हाई. लई येळा म्हनलं तसं. पर उलथनं टाकून बघितलं तर तुसाखाली माझं सारवन तसंच वलं व्हतं, बारा दिसांनी बी, आन त्यात बारीक पांढरं काय वळवळत व्हतं. तवा मला कळलं, म्याच मारल्या.

त्या दिशी दुपारी सूरज सुप्रीला इचारत व्हता. मंधी नुसता कूड, म्या आतल्या अंगाला. ऐकू येनारच.

"झालं काय न्येमकं? तूस तर नवं घातलं व्हतंस."

आता सांगल, म्हनलं. आता नाव घेईल माझं. तर ती म्हन्ती, "माझंच चुकलं. खालची वल नीट काडली न्हाई म्या. वरनंच तूस टाकलं."

"मंग आता?"

"आता तुमी म्हनाल तसं."

सूरज म्हनला, "आता कसलं म्हनायचं. उरल्याल्या बी जातील. गठुडं बांदू. सोमवारी शिरवळला जाऊन नाव घालून येतो."

साळूबाई, माझ्या डोस्क्यात आसा जाळ उठला! जायाचं म्हनला म्हनून न्हाई. म्हंजी त्याचा बी उठला. पर पयला उठला तो हिचा. माझ्यावर उपकार करती? माझा गुन्हा स्वताच्या अंगावर घेती? सारोळ्याची पोरगी मला झाकती? उद्या ही शिरवळला जानार, आन म्या हितं मरंपत्तूर तिचा उपकार घेऊन बसनार. दोन वरसं जिचा मीठ-मिरचीवरनं उद्दार केला तिचा उपकार! त्यापरास तिनं चारचौघांत मला फरफटत न्ह्यायला पायजे व्हतं.

दुसऱ्या दिशी सकाळी उठले. च्या घेतला न्हाई. कोयता घेतला, आन पडवीच्या कुडावर चढवला.

पयल्या दनक्याला लिंपान ढासळलं. चाळीस वरसांच्या दिवाळ्या, थरावर थर, खपल्या निघायला लागल्या. तुझा हैबतीभाऊ गोठ्यातनं धावत आला. "आगं येड लागलं का तुला? भर पावसात कूड पाडतीस?"

"व्हय, लागलंय. धरा ह्या काठ्या."

"आगं पर तू निजायची कुठं?"

"तुमच्या डोक्यावर. धरा म्हन्ते ना!"

आवाज ऐकून सुप्री बाहीर आली. हाताला तसंच भाकरीचं पीठ. म्हनली, "आत्याबाई, ह्ये काय?"

म्या म्हनलं, "डोळं फुटलं का? कारवी हाय ही. चुलीच्या धुरावर चाळीस वरसं वाळल्याली. आत्ता आषाढात डोंगरात जाऊन कोरडी कारवी आन बरं, मिळती का बघ. माझी आय बकरीच्या नव्या करडांना पावसाळ्यात भुईला पाय लावू द्यायची न्हाई. खाली धोंडं, त्याच्यावर आडवी लाकडं, त्याच्यावर कारवी घट्ट लावून माच करायची. भुईला किती का उपळ फुटंना, वर करडं कोरडी. ह्ये मला त्या दिशीच आठवायला पायजे व्हतं, पर तुझ्या त्या हसन्यानं माझं डोस्कं फिरलं. तूच जबाबदार!"

"म्या?"

"मंग काय म्या?"

तिनं पिठाचा हात पदराला पुसला. मंग म्हनली, "नुसत्या कारवीवर कोंबड्या ठिवल्या तर पाय अडकत्यात, पंजं मोडत्यात. वर तूस लागंल."

"मंग घाल की! न्हाई कोन म्हन्तंय?"

"आन खालची भुई पयली खरवडायला लागंल. समदी. ते श्यान तसंच ठिवून वर माच घातला तर फुकट हाय."

"खरवड!"

"खरवडते! तुमी वरडू नगा!"

"म्या वरडनार! माझा कूड हाय!"

आशी आमी भांडत भांडत कामाला लागलो. सूरज उठून आला, त्यानं फावडं घेतलं. उरल्याल्या एकेचाळीस तलंगा गोठ्यात कोंडल्या, गाई बिचाऱ्या कोपऱ्यात सरकल्या. म्या काठ्या सोलायची, त्यांच्यावरचं लिंपान काडायची. हैबतीभाऊ बांधावरचं धोंडं वाहायचा. पाऊस वरनं धो धो. कुनाच्या अंगावर कोरडा धागा न्हाई, आन आमची त्वांडं चालूच. धोंडा हितं ठिव, न्हाई तितं ठिव. चुना आदी का राख आदी. ती म्हनली चुना आदी, म्या म्हनलं राख आदी, शेवटी दोन्ही घातलं.

सूरज कोपरा खरवडत व्हता. तूस बाजूला सारलं आन फावडं थांबलं. तितं कोंबड्यांनी टोकरलं नव्हतं, सारवन शाबूत व्हतं. माझ्या हाताची कमान, आन मधी एक मोकळी रेघ. त्यानं ते बघितलं. सुप्रीनं बघितलं त्यानं बघितल्यालं, आन झटक्यानं पुढं हून फावडं त्याच्या हातातनं घेतलं. म्हनली, "द्या, म्या करते हितलं."

आता माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. म्या कोयता फेकून दिला आन आशी वरडले की खालच्या पालीला ऐकू ग्येलं आसंल.

"झाकू नगंस! म्याच सारवलं! तुमी भोरला ग्येला तवा म्याच सारवलं, तुमच्या एकुनीस कोंबड्या म्याच मारल्या! ही सटवी माझं झाकती, हिला आदी इचार कशापायी झाकती!"

सूरजनं पावसात त्वांड पुसलं. म्हनला, "ठावं हाय आये."

"काय ठावं हाय?"

"पयली कोंबडी उचलली तवाच बघितलं. तिच्या खालीच व्हतं. चार बोटांचं सारवन वाडीत दुसऱ्या कुनाचं हाय? म्या आठ दिस वाट बघत व्हतो कोन खरं बोलतंय. ही तर सरळ खोटं बोलली. म्हनून मला राग आला, म्हनून म्या शिरवळचं काडलं. म्हनलं, ज्या घरात दोन बाया एकमेकींशी खरं भांडत बी न्हाईत त्या घरात कशाला ऱ्हायाचं."

म्या सुप्रीकडं वळले. "तू का खोटं बोललीस गं?"

ती फावड्यावर रेलली. त्वांडावरनं पानी गळत व्हतं, डोळ्यातलं का पावसाचं ते मला कळलं न्हाई आन म्या इचारलं बी न्हाई. म्हनली, "तुमच्यापायी न्हाई खोटं बोलले. नवऱ्याला आयशीवर वरडायला लावून मला हितं नांदायचं न्हाई. भांडायचं आसंल तर म्या भांडीन की. मला त्वांड न्हाई व्हय?"

"मंग त्या दिशी का भांडली न्हाईस? बघून गप का बसलीस?"

"बोलले आसते तर तुमी माझ्या नाकावर टिच्चून पुन्यांदा सारवलं आसतं!"

आता खरं हाय ते, साळूबाई. सारवलं आसतं म्या. पर तिनं ते आसं माझ्या तोंडावर म्हनावं?

"आन सोमवारचं शिरवळ?" म्या सूरजला इचारलं. 

"शिरवळ कुठं पळून जातंय व्हय. तू आदी कारवी धर. दिवाळी लांब हाय अजून."

सांच्यापत्तूर माच झाला. खाली धोंडं, त्यावर आडवी लाकडं, त्यावर घट्ट लावल्याली माझी कारवी, त्यावर चार बोटं कोरडं तूस. एकेचाळीस तलंगा गोठ्यातनं आनून सोडल्या. खालनं पानी वाहतंय ते ऐकू येत व्हतं, वर तूस कोरडं खडखडीत. त्यातली एक त्यानंतर मेली, आदीचीच आजारी व्हती. चाळीस ऱ्हायल्या. घटस्थापनेला पयलं अंडं. दिवाळीत गडावर येनाऱ्या मानसांनी पालीत अंड्यासाठी आमच्या सूरजचा नंबर मागून घेतला. कंपनीतनं परत फोन आला तवा सूरज म्हनला, येळ न्हाई.

माझं मातूर वाटोळं झालं. कूड न्हाई, पडवी उघडी. पोतं लावून दोन दिस काडलं, मंग तापानं फनफनले. तवा ह्या सटवीनं माझं हातरून उचललं आन आत न्हेऊन चुलीपाशी घातलं. तवापासनं पाच म्हयनं आमी दोघी एकाच खोलीत. ती मीठ कुठं ठिवती ते आता मला निजल्या जागेवरनं दिसतं.

दिवाळीला ती म्हनली, "आत्याबाई, आता तितं विटा लावू. पक्कं व्हईल."

म्या म्हनलं, "विटा तुझ्या म्हायेरी लाव. मला कारवी पायजे. मालकीच्या रानातली, वाळल्याली, माझ्या सासऱ्यानं आनली तशी."

"विटा स्वस्तात पडतील."

"पडू दे. कारवीच पायजे."

मार्गशीर्षात दोघं रानात ग्येली आन भारं घेऊन आली. सूरजनं कूड उभा केला. लिंपायची येळ आली तवा म्या श्यान कालवून बसले, तर ही माझ्या शेजारी येऊन बसली आन तिनं बी हात घातला. सारोळ्याला फरशीवर वाढल्याली, हिला कुठलं सारवायला येतंय! म्या म्हनलं, "हात पालथा धर. वरनं कमान काड. आगं आसं न्हाई, चिखल थापतीयास का भाकर?"

"मला माझं सारवू द्या."

"दिसायला बरं तर दिसूं दे!"

डावा अर्धा तिनं सारवला, उजवा म्या. माझ्या अंगाला चार बोटं, तिच्या अंगाला पाच, आन ती पाची वाकडी. म्या म्हनलं, "पुसून काड ते. कुनी बघितलं तर माझं नाव जाईल."

ती म्हनली, "न्हाई काडत. आसंच ऱ्हाऊ द्या. म्होरं कधी इचारायची येळ आली तर कुनी काय सारवलं ते दिसंल तरी."

बघितलंस त्वांड? ह्या त्वांडासंगं मला उरल्याला जल्म काडायचाय. आन तू हसतीयास!

च्या घे, गार झाला. आन जाताना घराला चार अंडी घेऊन जा. पर सुप्रीला इचारून घे. मला ती शेडात पाय टाकू देत न्हाई.